पहिलं रंगीत वुडकट: काळी रेषा ठेवावी की सोडावी?

रंगीत वुडकट, म्हणजे लाकडी ठोकळे कोरून त्यांवरून छापलेलं रंगीत चित्र, करायला घेतलं की कोरण्याआधीच एक गोष्ट ठरवावी लागते: चित्राच्या रेषा छापणारा काळा ठोकळा ठेवायचा की नाही? प्रबोधनकाळात युरोपात या प्रश्नाची दोन्ही उत्तरं मिळाली.

पहिलं जर्मनीतलं. १५०७-०८च्या सुमारास विटेनबेर्गला चित्रकार लुकास क्रानाख आणि आउग्सबुर्गला हान्स बुर्कमायर यांच्यात जणू चुरसच लागली होती. या पद्धतीत एका ठोकळ्यावर सगळं चित्र रेषांमध्ये कोरलेलं असतं, दुसऱ्यावर एकच सपाट छटा. उजेड हवा तिथलं लाकूड काढून टाकलं की कोरा कागदच चमकतो. हान्स बाल्डुंगचं १५१०चं चेटकिणींचं चित्र जरूर पाहा. नुसता काळा ठोकळा छापला तरी चित्र पुरं वाटतं. छटा आली की त्यात रात्र उतरते. दुसरा ठोकळा केसभर सरकला तरी चित्र तगतं. शिकणाऱ्याला हा मोठा आधार आहे.

दुसरं उत्तर इटलीतलं. उगो दा कार्पीने १५१६मध्ये व्हेनिसच्या सिनेटकडे आपल्या 'नव्या' छपाईसाठी हक्क मागितले. चित्रकार पार्मिजानिनोच्या रचनेवरून त्याने छापलेल्या 'डायोजेनीस'ला चार ठोकळे लागले. त्यातला एकही सुटा छापून चित्र कळत नाही; छटांवर छटा चढतात तेव्हा कुठे तो उघडा तत्त्ववेत्ता उभा राहतो. ब्रशने, पातळ शाईने काढलेल्या चित्राचा ओलावा लाकडातून असा यावा, याचं मला आजही नवल वाटतं. पण इथे ठोकळे नेमके जुळलेच पाहिजेत.

कलावंतांची चरित्रं लिहिणाऱ्या वसारीने छटांच्या छपाईच्या या शोधाचं श्रेय उगोला दिलं, ते मला मान्य नाही. बुर्कमायर आणि ठोकळे कोरणारा योस्ट डे नेगकर यांनी १५१०मध्येच मृत्यूने गाठलेल्या प्रेमिकांचं चित्र तीन ठोकळ्यांत, छटांच्याच बळावर उभं केलं होतं.

तुमचं रेखाटन पेनाचं असेल तर दोन ठोकळ्यांची जर्मन पद्धत घ्या. पहिल्याच कामाला मी तीच सुचवेन. ब्रशवर हात बसलेला असेल तर उगोकडे जा, पण आधी तेच चित्र एकही रेषा न काढता फिकट, मध्यम आणि गडद अशा तीनच छटांत कागदावर रंगवून बघा. हातभर अंतरावरून आकार ओळखू आले, तरच लाकूड कापा.