पहाटे पाच चाळीसचा सामना : एका वर्गणीचा दोन हंगामांचा अनुभव

अमेरिकेतील बेसबॉलचे सामने मोबाइलवर आणि टीव्हीवर दाखवणाऱ्या एका परदेशी सेवेची वार्षिक वर्गणी मी २०२४ च्या हंगामापासून भरत आहे. सेवेचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि त्यांतला नेमका कोणता दोष सेवेचा व कोणता आमच्या गावच्या टॉवरचा, हे मला अजूनही ठरवता आलेले नाही. दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात राहणाऱ्या निवृत्त क्रीडा शिक्षकाला बेसबॉलशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकताना मी बेसबॉलचाच भाऊबंद असलेला सॉफ्टबॉल शिकलो आणि पुढे शाळेत तोच शिकवला. भाचा नोकरीनिमित्त शिकागोला गेला आणि त्याने तिथल्या व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाची काळी टोपी पाठवली. टोपी उन्हाची म्हणून घातली, आणि तिच्यासोबत संघही डोक्यावर बसला.

वर्गणीची रक्कम पहिल्या वर्षी अशी होती की त्यात सोयाबीन बियाण्याच्या चार पिशव्या सहज आल्या असत्या. ही तुलना माझी नाही, घरातली आहे. शिकागोत संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सुरू होणारा सामना उन्हाळी वेळेनुसार आपल्याकडे पहाटे ५.४० ला दिसतो, आणि शेतकरी घरात ही वेळ फारच सोयीची असते. गोठ्यातले काम आटोपून चहा घेत नऊपैकी तीन-चार डाव पाहता येतात. तिकडचे दुपारचे सामने मात्र आपल्याकडे रात्री पावणेबाराच्या सुमारास सुरू होतात. ते पाहण्याच्या भानगडीत पडू नये.

सेवेचे चित्र स्वच्छ आहे. प्रत्येक सामन्याला यजमान संघाचे समालोचन ऐकायचे की पाहुण्यांचे, हे आपण निवडू शकतो. संपलेला सामना पुन्हा पूर्ण पाहता येतो, किंवा दहा-पंधरा मिनिटांत आटोपलेले त्याचे संक्षिप्त रूप पाहता येते. पावसाळ्यात नेटवर्क गेले की चित्र गोठते, आणि ते हमखास भरल्या बेसवर, म्हणजे तिन्ही बेसवर धावपटू उभे असताना गोठते. अशा वेळी मी केवळ आवाजाचा पर्याय लावतो. रेडिओवरचे लेन कॅस्पर आणि डॅरिन जॅक्सन यांचे बोलणे इतके नेमके असते की धुऱ्यावरून चालतानाही मैदान डोळ्यांपुढे उभे राहते, आणि रोजच्या २ जीबीतला फारसा डेटाही त्यात जात नाही. ही एक सोय मला संपूर्ण वर्गणीच्या निम्म्या किमतीची वाटते.

परंतु एखाद्या प्रक्षेपण सेवेची खरी परीक्षा चांगला संघ दाखवताना होत नसते, आणि मला पहिल्याच वर्षी जो संघ मिळाला, त्याने ती परीक्षा पुरेपूर घेतली. २०२४ साली व्हाइट सॉक्सने १६२ पैकी १२१ सामने गमावले. १९६२ सालच्या न्यूयॉर्क मेट्सचा १२० पराभवांचा आधुनिक काळातील विक्रम त्यांनी मोडला. १० जुलैपासून ५ ऑगस्टपर्यंत ते सलग २१ सामने हरले. त्या दिवसांत आमच्याकडे कपाशीत डवरे चालू होते, आणि बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीवर मला रोज एकच प्रश्न विचारला जाई : "काहून सर, आज बी हारले का तुमचे?" तोपर्यंत बेसबॉलचे नावही न ऐकलेल्या माणसांना शिकागोचा एक संघ रोज हरतो एवढे पक्के ठाऊक झाले होते. ६ ऑगस्टच्या सामन्यात ओकलंडच्या संघाला ५-१ ने हरवून ही मालिका तुटली, तेव्हा आपल्याकडे ७ तारखेची सकाळ बरीच वर आली होती. टपरीवर जाऊन मी सांगितले, तर कोणाचा विश्वास बसेना.

हरण्याचा राग येतो हे खरे. तरी माझा राग फलंदाजांवर होता, आणि तो का होता हे सविस्तर सांगितले पाहिजे. संपूर्ण हंगामात या संघाने ५०७ धावा केल्या, म्हणजे सामन्याला तीनच्या थोड्या वर. त्या वर्षी एवढ्या कमी धावा दुसऱ्या कोणत्याही संघाच्या नव्हत्या. संघाची फलंदाजीची सरासरी .२२१ होती, म्हणजे शंभर प्रयत्नांत बावीस हिट, म्हणजे फलंदाजाला सुखरूप बेसवर पोचवणारे फटके. बेसबॉलमध्ये दहापैकी सात वेळा अपयशी ठरणारा फलंदाज उत्तम समजला जातो, हे मला ठाऊक आहे. साठ फूट सहा इंचांवरून ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने येणारा चेंडू पाहून निर्णय घेण्यास अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ मिळतो, हेही मी मुलांना शिकवले आहे. म्हणून केवळ आकड्यावरून मी कोणालाही बोल लावणार नाही. बोल लावायचा तो बाद होण्याच्या रीतीला.

शाळेत मी होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागेच्या मागे गोणपाट टांगून त्यावर खडूने, ज्यातून येणारा चेंडू मारायलाच हवा ती चौकट काढीत असे आणि मुलांना बॅट न देताच उभे करीत असे. चेंडू आला की त्यांनी फक्त "सोड" किंवा "मार" एवढेच ओरडायचे. महिनाभर हेच चाले. मुले कंटाळत, पण स्पर्धेत बाहेरच्या चेंडूला हात लावीत नसत. आता या सेवेवर पडद्यावर तशीच चौकट आखलेली दिसते, चेंडू तिच्या आत पडला की बाहेर हे ठिपक्याने कळते, आणि कोट्यवधी डॉलर घेणारे फलंदाज चौकटीच्या हातभर बाहेर वळत जाणाऱ्या स्लायडर चेंडूवर बॅट फिरवून परत जाताना दिसतात. तिसऱ्या बेसवर धावपटू, एकच बाद, नुसता दूरवर उंच फटका मारला तरी धाव मिळणार, आणि फलंदाज तीन वेळा हवेत बॅट फिरवून बाद होतो. हे एकदा घडले तर मनुष्य विसरतो. रोज पहाटे घडू लागले की चहा निवून जातो.

प्रेक्षकांच्या रागाचा सर्वांत मोठा वाटा अँड्र्यू बेनिंटेंडी यांच्या वाट्याला आला. पाच वर्षांसाठी साडेसात कोटी डॉलर हा त्यांचा करार या संघाच्या इतिहासातील तोवरचा सर्वांत मोठा होता आणि त्यांची सरासरी .२२९ भरली. मीही त्यांना पुष्कळ नावे ठेवली. मात्र हंगामाच्या शेवटी हिशेब पाहिला, तेव्हा संघात सर्वाधिक, म्हणजे २० होमरन (चेंडू थेट मैदानाच्या कुंपणापलीकडे धाडणारे फटके) त्यांचेच निघाले. ज्याला सर्वांत जास्त शिव्या दिल्या त्याच्यावाचून गाडी आणखी रुतली असती. लुईस रॉबर्ट यांचे दुःख वेगळे आहे. २०२३ साली ३८ होमरन मारणाऱ्या या खेळाडूने २०२४ मध्ये १४ मारले, आणि त्यात दुखापतीने सुमारे दोन महिने गेले, हे न्यायाने मोजले पाहिजे. मार्टिन माल्डोनाडो हे कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा खेळाडू म्हणून नावाजलेले, ह्यूस्टनच्या संघासोबत २०२२ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाचे अजिंक्यपद जिंकलेले. पण बॅट हाती घेतल्यावर सरासरी .११९. शंभरात बारा. जुलैअखेर त्यांना मुक्त करण्यात आले, तोपर्यंत त्यांची पाळी आली की मी गोठ्यात जाऊन वैरण टाकून येत असे.

येथे सेवेचे जे श्रेय आहे ते तिला दिले पाहिजे. आम्ही विदर्भाची माणसे कमकुवत संघासोबत अनेक वर्षे काढलेली आहोत. रणजी करंडक आमच्याकडे आला तो थेट २०१७-१८ च्या हंगामात. त्याआधीचे पराभव आम्ही दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातील बारीक टायपाच्या धावफलकावरून जाणून घेत होतो. कोण किती धावांवर बाद झाला ते कळे. कसा बाद झाला ते कळत नसे, आणि मग राग आंधळा असे, एखाद्या नावावर उगाच जाऊन बसे. ही सेवा प्रत्येक चेंडू दाखवते. त्यामुळे दुर्दैवाने बाद झालेला फलंदाज आणि आळसाने बाद झालेला फलंदाज यांतला फरक मला हजारो मैलांवरून करता येतो. संक्षिप्त रूप पाहणाऱ्याला ते साधत नाही, कारण तेथे आठ चेंडू झुंजून बाद झालेला आणि तीन चेंडूंत परतलेला, दोघेही सारखेच गाळले जातात. पराभूत संघाच्या चाहत्याने दहा मिनिटांचे रूप पाहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात १२० पराभव झालेले असताना संघ घरच्या मैदानावर एंजल्स संघाविरुद्ध खेळत होता. विक्रमी पराभव प्रत्यक्ष पाहण्यासाठी आलेले प्रेक्षक "संघ विका, संघ विका" असे मालक जेरी राइन्सडॉर्फ यांना उद्देशून ओरडत होते. यजमान समालोचनातही तो घोष स्पष्ट ऐकू येत होता. आणि हा विचित्र संघ तिथले तिन्ही सामने जिंकला! १२१ वा पराभव २७ तारखेला डेट्रॉइटमध्ये झाला. "हारनाऱ्यायले पाहाले एवढे पैसे?" हा प्रश्न घरी त्या दिवशी शेवटचा विचारला गेला, त्यानंतर तो विचारण्याचीही गरज उरली नाही.

तक्रारी दोनच. पहिली, वर्गणी पुढील वर्षासाठी आपोआप कापली जाते आणि ती थांबवण्याचा मार्ग चार पडदे ओलांडल्यावर सापडतो. २०२५ साठी ती अशीच कापली गेली. संघ त्या वर्षी ६० जिंकला, १०२ हरला, म्हणून मी फारसे मनावर घेतले नाही. दुसरी अधिक गंभीर आहे. ॲप उघडताच पहिल्या पानावर गुणसंख्या दिसते, त्यामुळे सकाळी उशिरा उठून सामना नव्याने पाहू म्हणणाऱ्याची निराशा होते. गुण लपवण्याची सोय आहे, परंतु ती सेटिंगमध्ये खाली दडवलेली असून मला ती पहिल्या वर्षी ऑगस्टच्या मध्यात सापडली. ती सुरू केली त्या दिवशी मी उत्साहाने निकाल न पाहता सामना लावला, आणि तेवढ्यात टपरीवरचा पोरगा दूध द्यायला आला व दारातूनच म्हणाला, "सर, हारलेच असतीन ना?"