इतिहास विभागाचे वार्षिक कार्यक्रम : वक्ते उत्तम, चर्चेला वेळ अपुरा

एका विद्यापीठाच्या इतिहास विभागाच्या वार्षिक कार्यक्रमांना मी गेली काही वर्षे श्रोता म्हणून उपस्थित राहत आहे. स्मृतिव्याख्यान, संशोधक विद्यार्थ्यांची परिषद आणि अस्सल कागदपत्रांचे प्रदर्शन असे या कार्यक्रमांचे स्वरूप असून प्रवेश सर्वांना खुला व विनामूल्य असतो. अभ्यासक नसलेल्या, पण इतिहासाची गोडी असलेल्या माणसाच्या हाती यातून काय लागते, एवढ्याच दृष्टीने हे परीक्षण लिहिले आहे.

सर्वाधिक गर्दी स्मृतिव्याख्यानाला होते आणि सर्वाधिक निराशाही तेथेच पदरी पडते. वक्त्यांच्या निवडीबद्दल तक्रारीला जागा नाही. करवसुलीच्या रुक्ष नोंदींमधून दुष्काळातील स्थलांतराचा माग कसा काढता येतो, हे यंदाच्या व्याख्यानात अतिशय नेमकेपणाने मांडले गेले. मात्र स्वागत, परिचय आणि मनोगते यांत बराच वेळ खर्ची पडल्याने प्रश्नोत्तरांना जेमतेम दहा मिनिटे उरली, आणि त्यांतलीही निम्मी एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी घेतली, ज्यांना विचारायचे असे काहीच नव्हते.

हे टाळणे अशक्य नाही. उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील वाइल्स व्याख्यानमाला १९५४ साली इंग्रज इतिहासकार हर्बर्ट बटरफील्ड यांच्या व्याख्यानांनी सुरू झाली. तेथे एकच वक्ता लागोपाठच्या दिवशी चार व्याख्याने देतो आणि मुद्दाम बोलावलेले इतिहासकार त्या त्या दिवशीच्या मांडणीची त्याच्यासमोरच चिकित्सा करतात. ब्रिटिश इतिहासकार एरिक हॉब्सबॉम यांनी १९८५ साली या मालेत राष्ट्रवादावर केलेली मांडणी १९९० मध्ये पुस्तकरूपाने आली, ती अशा चिकित्सेला सामोरी जाऊनच. प्रत्येक विभागाला चार दिवस परवडणार नाहीत हे मान्य केले, तरी मनोगतांना कात्री लावून अर्धा तास चर्चेसाठी राखून ठेवायला कोणताही खर्च येत नाही. त्याहून खटकते ते हे, की येथील व्याख्यानाचे ना ध्वनिमुद्रण होते, ना ते छापले जाते. त्यामुळे वर्षभराच्या तयारीतून उभे राहिलेले विवेचन सभागृहातील श्रोत्यांपलीकडे कोणापर्यंत पोहोचत नाही.

संशोधक विद्यार्थ्यांची परिषद मात्र मनापासून आवडली. निबंध सगळेच चांगले असतात असे नाही, काही तर सरळसरळ प्रबंधाच्या प्रकरणातून उचललेले असतात. पण सत्राध्यक्ष वेळेबाबत कठोर असतात आणि निबंधाइतकाच वेळ चर्चेला मिळतो. एका विद्यार्थिनीने न्यायालयीन जबान्यांवरून सामान्य स्त्रियांच्या जीवनाविषयी काही निष्कर्ष मांडले, तेव्हा त्या जबान्या कारकुनाच्या लेखणीतून उतरलेल्या असताना त्यांतील शब्द बोलणाऱ्या स्त्रीचे कितपत मानायचे, हा प्रश्न उपस्थित झाला आणि त्यावर झालेला वाद निबंधापेक्षाही सरस ठरला. इतिहासकार साधनांकडे कोणत्या संशयाने पाहतो, हे बाहेरच्या माणसाला येथे प्रत्यक्ष पाहायला मिळते.

प्रदर्शनाबद्दल थोडक्यातच सांगता येईल. कागदपत्रे दुर्मीळ आहेत, परंतु सोबतच्या पाट्यांवर केवळ वर्ष आणि दप्तर क्रमांक असतो. पत्र कोणी कोणास लिहिले आणि ते जपून का ठेवले गेले, हे दोन ओळींत लिहिले तर दारातून परतणारे लोक थांबतील.

शालेय विद्यार्थ्यांसाठी या विभागाकडे काहीच नाही, ही मोठी उणीव आहे. अमेरिकेतील 'नॅशनल हिस्ट्री डे' ही आज देशभर चालणारी शालेय स्पर्धा १९७४ साली क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातील इतिहासाच्या प्राध्यापकांच्या पुढाकारानेच सुरू झाली. तीत मुले स्वतः साधने शोधून निबंध, प्रदर्शन, माहितीपट किंवा नाट्यरूपाने विषय मांडतात. अशा उपक्रमासाठी लागणारे मार्गदर्शक या विभागात परिषदेच्या दिवशी डझनांनी दिसतात. तोवर, एकाच दिवसाची सवड असणाऱ्याने व्याख्यानाऐवजी परिषदेला जावे आणि शक्यतो दुपारच्या सत्राला बसावे, कारण तोपर्यंत औपचारिकता आटोपलेल्या असतात.