कार्बन मोनॉक्साइड अलार्म: रिपोर्ट वाचला विमानाचा, लावला पाहुण्यांच्या खोलीत

दापोलीजवळ आमचा छोटा होमस्टे आहे आणि पाहुण्यांच्या खोलीला लागूनच गॅस गिझरवाली न्हाणी. पण कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूची सूचना देणारं हे यंत्र मागवलं ते एका विमान अपघाताचा तपास रिपोर्ट वाचून. २१ जानेवारी २०१९ च्या रात्री फुटबॉलपटू एमिलियानो साला फ्रान्सच्या नांतहून कार्डिफला निघाला होता, पायपर मालिबू, एका इंजिनाचं छोटं विमान, ते इंग्लिश खाडीत पडलं आणि तो नि पायलट दोघंही गेले. एवढ्याशा विमानाला ब्लॅक बॉक्स बंधनकारक नसतो, म्हणजे सुरुवातीला हातात काय तर रडारच्या नोंदी, मग आठवडाभराने फ्रान्सच्या किनाऱ्याला लागलेल्या सीटच्या गाद्या, आणि ३ फेब्रुवारीला ६८ मीटर खोल तळाशी सापडलेलं विमान. ते वर काढताच आलं नाही.

खरा धागा मिळाला सालाच्या रक्तात. ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनपैकी ५८ टक्के कार्बन मोनॉक्साइडने अडवलेलं, ५० च्या पुढे गेलं की धडधाकट माणसाच्याही जिवावर बेततं. पायलट सापडलाच नाही, पण बसला होता त्याच केबिनमध्ये, म्हणजे त्यालाही बाधा झालीच असणार असं तपासवाल्यांनी धरलं. असल्या विमानात हीटरची हवा एक्झॉस्टच्या तापलेल्या पाइपाभोवती फिरून आत येते, पाइपाला चीर गेली की धूरही तिच्याबरोबर आत. वळण घेताना ताबा सुटला, वेग नको तितका वाढला नि विमान हवेतच तुटलं असा निष्कर्ष आहे, शिवाय पायलटकडे रात्री उडवायचा परवाना नव्हता वगैरे भानगडी वेगळ्याच. पण कारणांच्या यादीत एक ओळ आहे, विमानात आवाज करून सावध करणारा डिटेक्टर नव्हता. तिथेच थांबलो मी. आपल्याकडे बंद बाथरूममध्ये गिझर चालू ठेवून माणसं दगावतात त्यात वेगळं काय असतं? पावसाळ्यात तर झडीमुळे खिडकी घट्ट लावलेली, हवा कमी पडली की ज्योत नीट जळत नाही आणि हाच वायू तयार होतो, रंग नाही वास नाही.

आता यंत्राबद्दल. घेताना ईएन ५०२९१ (अशा अलार्मचं युरोपियन स्टँडर्ड) लिहिलेलं बघून घ्या आणि पीपीएमचा, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे किती भाग त्याचा, आकडा दाखवणारं घ्या, रंग बदलणारी स्वस्त कार्डं मिळतात ती नकोत, झोपलेला माणूस कार्ड बघणार कधी? मागीलदारी उघड्यावर कोळशाची शेगडी पेटवून शेजारी धरलं (खोलीत असले प्रयोग अजिबात करू नका), आकडा शून्यावरून चढत चढत तीनशेच्या वर गेला आणि दोन-तीन मिनिटांत असं बोंबललं की कुत्रा पडवीतून थेट माडाच्या बागेत. ५० पीपीएमला मात्र तासभर तरी गप्प बसतं, ते बिघडलेलं नाही, स्टँडर्डच तसं आहे, म्हणून आकड्यावर नजर ठेवायची. टेस्टचं बटण दाबलं की भोंगा आणि बॅटरी कळते, सेन्सर जिवंत आहे का ते कळत नाही. सेन्सरचं आयुष्य ठरलेलं असतं, मागे तारीख छापलेली असते तेव्हा बदलायचं.

जागेबद्दल लोक घोळ घालतात. एलपीजी जड म्हणून त्याचा डिटेक्टर खाली लावतात, हा वायू वजनाला जवळपास हवेइतकाच, तेव्हा उशीच्या उंचीला लावा. न्हाणीच्या आत नको, वाफेने खराब होतं असं पत्रकातच आहे. आणि अलार्म लावला म्हणून गिझर आत ठेवायचा असं नाही हां, आम्ही तो बाहेरच्या भिंतीवर नेला.

हर्णै बंदरातला ओळखीचा तांडेल बघून म्हणाला, "दादा, धुराला वास येतोच की, कळेल आम्हाला." म्हटलं वास येतो तो बाकीच्या गोष्टींचा, तुम्ही केबिनचं दार लावून स्टोव्हवर भात टाकता त्याचं काय? त्यालाही एक मागवून दिलाय, पण खाऱ्या हवेत बोटीवर किती टिकेल याची खात्री मी देत नाही, बोटीसाठी वेगळं मॉडेल मिळतं ते बघा.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो मागच्या चिकटपट्टीसाठी, आमच्या ओल धरणाऱ्या चिऱ्याच्या भिंतीवर एक रात्र टिकली नाही. सरळ ड्रिल मारून स्क्रूवर टांगा.