अडकलेली सेशन्स: रॅडझॅप, चेकरॅड की इंटरिम टायमर?

तुम्ही इंटरनेट पुरवठादार आहात. दिवा परिसरात लाइट जाते, पॉपवरच्या (त्या भागातल्या जोडणी केंद्रावरच्या) यूपीएसची बॅटरी बसते आणि नॅस (ग्राहकांची सेशन्स, म्हणजे चालू जोडण्या, सांभाळणारं यंत्र) ‘स्टॉप’ (सेशन संपल्याचा संदेश) न पाठवताच बंद पडतो. लाइट आल्यावर ग्राहकाचा पासवर्ड बरोबर, तरी फ्रीरेडियस (लॉगिन तपासून वापराची नोंद ठेवणारा सर्व्हर) आत घेत नाही. कारण रॅडॲक्ट या सेशन-नोंदींच्या टेबलात त्याच्या जुन्या नोंदीत ॲक्टस्टॉपटाइम (सेशन थांबल्याची वेळ) अजून नल, म्हणजे रिकामा आहे आणि सायमल्टेनियस-यूज (एका आयडीवर एकाच वेळी किती सेशन्स, ती मर्यादा) १. (मर्यादा २ करून मोकळे होऊ नका, एका आयडीवर शेजारचं घरही चालायला लागतं.)

एखाददुसरा ग्राहक असेल तर रॅडझॅप (नॅसऐवजी ‘स्टॉप’ पाठवणारी फ्रीरेडियसची कमांड) किंवा टेबलावर एक अपडेट क्वेरी पुरते. क्वेरीत थांबण्याची वेळ म्हणून ‘आत्ता’ टाकू नका, नाहीतर लाइट नसलेले तीन तासही वापरात धरले जातात. ॲक्टअपडेटटाइममधली (शेवटचा अपडेट आल्याची) वेळ घ्या.

चेकरॅड (फ्रीरेडियसची तपासणीची स्क्रिप्ट) ग्राहक खरंच जोडलेला आहे का हे थेट नॅसलाच विचारतो, म्हणून सगळ्यांत अचूक. पण फ्रीरेडियसच्या सेटिंगमधली सायमल-व्हेरिफाय (उघड्या नोंदी पडताळणारी) क्वेरी चालू नसेल तर तो हलतच नाही, आणि नॅसचा प्रकार ‘अदर’ ठेवलात तर ग्राहक ऑनलाइनच आहे असं धरलं जातं. शिवाय लाइट आली की अख्खा टॉवर एकदम लॉगिन करतो. प्रत्येक अडकलेल्या आयडीमागे एक वेगळी पर्ल प्रोसेस उठते आणि सर्व्हर दमतो. एकच नॅस असेल तर चालेल.

दोन-चार पॉप असतील तर आमचं मत इंटरिमला, म्हणजे सेशन चालू असताना नॅस ठराविक वेळाने पाठवतो त्या अपडेटला. ॲक्ट-इंटरिम-इंटरव्हल (दोन अपडेटमधलं अंतर) ६०० सेकंद ठेवा. ६० केलंत तर २,००० ग्राहकांमागे डेटाबेसवर सेकंदाला ३३ अपडेट पडतील. तीन अपडेट चुकले, म्हणजे साधारण ३५ मिनिटं काहीच आलं नाही, की क्रॉनने (ठराविक वेळी आपोआप चालणाऱ्या कामाने) नोंद बंद करायची.

धोका इथेच आहे. ऐरोलीचा नॅस चालू, पण महापेच्या सर्व्हरपर्यंतची फायबर तुटली, तरी बाहेरून चित्र तेच दिसतं. म्हणून क्रॉनमधून आधी रॅडक्लायंटने (रेडियसचे संदेश पाठवणाऱ्या कमांडने) नॅसच्या पोर्ट ३७९९ वर डिस्कनेक्ट-रिक्वेस्ट (सेशन तोडण्याची विनंती) पाठवा. नॅक (नकार) आणि एरर-कॉज ५०३ (असं सेशन सापडत नाही) आला तर सेशन खरंच मेलेलं आहे, बंद करा. ॲक (होकार) आला तर ते जिवंत होतं. ग्राहक तुटून पुन्हा जोडला जाईल. काहीच उत्तर नाही तर त्या नॅसच्या नोंदींना हात लावू नका. मायक्रोटिक राउटरवर रेडियस इनकमिंगमध्ये ॲक्सेप्ट ‘येस’ नसेल तर उत्तर कधीच येणार नाही.

पाच मिनिटांच्या झटक्याला मात्र ३५ मिनिटं फार होतात. तिथे नॅसने बूट होताना पाठवलेलं अकाउंटिंग-ऑन (‘मी सुरू झालो’ असा संदेश) कामाला येतं. त्यावर फ्रीरेडियस त्या नॅसच्या सगळ्या उघड्या नोंदी एका फटक्यात मिटवतो. तुमचा नॅस ते पाठवतो का, हे एकदा रीबूट करून टीसीपीडंपने (नेटवर्कवरचे पॅकेट दाखवणाऱ्या टूलने) अकाउंटिंगच्या पोर्ट १८१३ वर बघून घ्या.