बुटांचा खोका, पाच कप्पे आणि इंग्रजी शब्द : नऊ महिने वापरल्यानंतर

गेल्या वर्षी आमच्या सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात माझी बदली झाली आणि इंग्रजी पत्रव्यवहाराचं टेबल माझ्याकडे आलं. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. इंग्रजी वाचता येत होतं, पण परिपत्रकातला एखादा भारी शब्द आला की अंदाजाने पुढे जायची सवय होती. पत्र स्वतः लिहायचं म्हटल्यावर अंदाज चालत नाही. म्हणून जानेवारीत कार्डांचा खोका सुरू केला.

पद्धत माझी नाही. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ साली ती मांडली. मी बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून पाच कप्पे केले आणि जाड कार्डशीटचे तुकडे कापले. एका बाजूला शब्द, मागे अर्थ. पहिला कप्पा रोज बघायचा, दुसरा दिवसाआड, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. आठवलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात जातं. चुकलं तर कुठल्याही कप्प्यातून थेट पहिल्यात. हेर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली निरर्थक अक्षरं पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले होते. पाठ केलेलं आधी भराभर विसरतं, मग विसरण्याचा वेग मंदावतो, हे त्यातून दिसलं. कप्प्यांमधलं अंतर वाढत जातं ते त्याच हिशेबाने.

पहिले तीन महिने मात्र माझे जवळजवळ वाया गेले, आणि त्यात दोष खोक्याचा नव्हता. मी बाजारातली एक तयार शब्दयादी आणली होती. शब्द आणि पुढे एक मराठी प्रतिशब्द, बस. तशीच कार्डं उतरवून काढली. मिटिगेट : कमी करणे. अलिव्हिएट : कमी करणे. कर्टेल : कमी करणे. अबेट : कमी होणे. कार्ड उचललं की तोंडात उत्तर तयार, आणि कार्डं चौथ्या कप्प्यापर्यंत सरसर गेली. मग एका पत्रात मी खर्च 'अलिव्हिएट' करण्याबद्दल लिहिलं. साहेबांनी पेन्सिलीने गोल केला आणि म्हणाले, "बाई, खर्चाला काय दुखतंय?"

त्या रात्री ती चारही कार्डं समोर ठेवून बसले. मराठीत तरी आपण सगळ्याला 'कमी करणे' कुठे म्हणतो? पाऊस ओसरतो. दुखणं शमतं. खर्चाला कात्री लागते. आघाताची धार बोथट होते. झालं, हेच चार शब्द होते! अबेट म्हणजे ओसरणं, अलिव्हिएट म्हणजे शमवणं, कर्टेल म्हणजे कात्री लावणं, मिटिगेट म्हणजे धोक्याची किंवा नुकसानीची धार बोथट करणं. जुनी कार्डं फाडून टाकली आणि नवी लिहिली. प्रत्येकाच्या मागे नेमकं मराठी क्रियापद, आणि खाली माझ्या कामातलं एक इंग्रजी वाक्य. तेव्हापासून ही चार कार्डं मागे आलेली नाहीत.

आमच्या बँकेतलंच अजून एक उदाहरण सांगते. हायपोथिकेशनला आपल्याकडे 'नजरगहाण' म्हणतात. माल कर्जदाराच्याच ताब्यात असतो, बँकेची त्यावर नजर असते. हा मराठी शब्द इतका चोख आहे की इंग्रजी व्याख्या वाचायची गरजच उरत नाही. कॉग्निझेबल ऑफेन्सचंही तसंच. 'दखलपात्र गुन्हा' लिहिलं की कॉग्निझन्स घेणं म्हणजे दखल घेणं, हे आपोआप कळलं. त्यातला 'ग्न' आणि आपल्या 'ज्ञान'मधला 'ज्ञ' एकाच मुळातले, हे कळल्यावर प्रोग्नोसिसही (दुखणं पुढे कसं वळण घेईल याचा अंदाज) त्याच कार्डावर लिहिला. पेडेस्ट्रियनमध्ये (पायी चालणारा) आपलं 'पद' आहे आणि पोटेबलमध्ये (पिण्याजोगं) 'पिणं'. अशी नाती सापडली की मला फार आनंद होतो, आणि ते कार्ड सहसा मागे येत नाही.

सँक्शनने मात्र फसवलं. बँकेत रोज ऐकते, कर्ज सँक्शन झालं, म्हणजे मंजुरी. वर्तमानपत्रात एखाद्या देशावर सँक्शन्स, तर ते निर्बंध. एकच शब्द दोन विरुद्ध टोकांना. अशा शब्दांना मी दोन वेगळी कार्डं करते, एका कार्डावर दोन अर्थ कधीच नाही. आणि कानाला फसवणारे शब्द लाल शाईने लिहिते. एनर्व्हेट ऐकून एनर्जी आठवते, अर्थ अंगातलं त्राण घालवणं. रेस्टिव्हमध्ये विश्रांती नाही, चुळबुळ आहे. नॉयसमचा आवाजाशी संबंध नाही, ते दुर्गंधीबद्दल आहे.

उणीवही सांगायला हवी, कागद बोलत नाही. पाच महिने मी 'एपिटोम' वाचत होते. लेकीने ऐकलं आणि म्हणाली, "आई, एपिटमी." हायपरबोलचंही तेच, तो हायपर्बली. आता कार्ड लिहिण्याआधी उच्चार ऐकते आणि कोपऱ्यात देवनागरीत लिहून ठेवते. लेक स्वतः अँकी नावाचं कार्डांचं ॲप वापरते. संगणकावर आणि अँड्रॉइडवर ते फुकट आहे, उच्चारही जोडता येतो आणि कधी काय बघायचं ते तेच ठरवतं. प्रवासात अभ्यास करणाऱ्याने खुशाल तेच घ्यावं. मला हाताने लिहिल्याशिवाय शब्द बसत नाही, म्हणून मी खोक्यावरच राहिले.

नवी कार्डं किती घालायची, यावर सगळं अवलंबून आहे. सुरुवातीला रोज २० घातली. दहा दिवसांत पहिला कप्पा फुगला आणि उजळणीला तास लागायला लागला. आता रोज ५, रविवारी एकही नाही. सकाळी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत उजळणी आटोपते. गणपतीत आठ दिवस सुटले तेव्हा नवी कार्डं थांबवून आधी मागची उपसली. सध्या ६४० कार्डं आहेत, त्यातली निम्म्याहून जास्त पाचव्या कप्प्यात. परिपत्रक वाचताना शब्दकोश अजून लागतो, पण पूर्वी पानाला चार-पाच वेळा उघडायचे, आता क्वचित. पत्र लिहिताना मात्र अजून वेळ जातो. ओळखीचा झालेला शब्द आणि हाताखाली आलेला शब्द यात बरंच अंतर असतं. म्हणून पाचव्या कप्प्यातलं कार्ड मी अर्थ सांगून पास करत नाही, एक नवं वाक्य लिहून करते.

एक कार्ड सहाव्यांदा पहिल्या कप्प्यात आलंय, सँग्विन. लॅटिन मूळ रक्ताचं, अर्थ आशावादी, आणि त्याचा भाऊ सँग्विनरी म्हणजे रक्तपाताचा. दोन्हींची गल्लत होतेच. 'आशावादी' खोडून काल 'उमेद धरून असलेला' लिहिलंय, आणि खाली वसुलीबद्दलचं एक वाक्य.