गावच्या नकाशाला व्हेक्टर की रास्टर?

भाचीला कॉलेजच्या प्रकल्पात गावच्या विहिरी, ओढे आणि पिकं नकाशावर आणायची आहेत. संगणकात नकाशा ठेवायच्या या दोन पद्धती, व्हेक्टर की रास्टर, इथेच गाडी अडली.

बारकाव्याचं आधी. व्हेक्टरमध्ये विहीर म्हणजे बिंदू, ओढा म्हणजे रेषा, जमिनीचा गट म्हणजे बहुभुज. कितीही मोठं करा, कडा धूसर होत नाहीत. (रेघच चुकली असेल तर चूकही तितकीच ठसठशीत दिसते!) रास्टर म्हणजे चौकोनांची जाळी. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या, डोळ्यांना दिसणाऱ्या रंगांच्या चित्रांत एक चौकोन १० बाय १० मीटरचा, म्हणजे जवळपास एक गुंठा. लँडसॅट उपग्रहाचा ३० बाय ३० मीटरचा, सुमारे नऊ गुंठे. त्यात बांध शोधायला जाऊ नये. विहीर तर हरवलीच.

मेहनत? गटांच्या हद्दी गिरवताना रात्री जातात. उपग्रहचित्र आयतं मिळतं, पण चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोनांची संख्या चौपट. खर्च दोन्हीकडे शून्य: नकाशे काढायचं क्यूजीआयएस सॉफ्टवेअर फुकट, ही चित्रंही फुकट.

‘ओढ्यापासून १०० मीटरच्या आत किती विहिरी?’ असे प्रश्न असतील तर व्हेक्टर. उतार, हिरवाई, पाणी कुठून वाहतं हे पाहायचं तर रास्टर. भाचीने विहिरी-ओढे व्हेक्टरमध्येच काढावेत, पिकांपुरतं रास्टर खाली अंथरावं.