फाइल ओळखायला लिबमॅजिक की टिका?

वेबसाइटवर आलेली फाइल कुठल्या प्रकारची हे ठरवताना नावामागच्या एक्स्टेन्शनवर विसंबायचं नाही, ब्राउझर पाठवतो त्या कंटेंट-टाइपवर (प्रकाराच्या लेबलवर) तर नाहीच, इथवर आपलं एकमत आहे असं धरतो. मग अपलोड झालेल्या फाइलच्या आत डोकावणार कोण? मी आधी लिबमॅजिक वापरलं, आता टिका, म्हणजे अपाचेची जावामधली लायब्ररी, वापरतो.

लिबमॅजिक म्हणजे लिनक्सच्या 'फाइल' कमांडमागचं इंजिन. पायथनमधून तीन ओळींत काम होतं आणि सर्व्हरला त्याचा भार म्हणून कधी जाणवला नाही. फोटो आणि पीडीएफसाठी मला त्यात आजही खोट दिसत नाही. जेपीजी नाव लावून आलेला आयफोनचा एचईआयसी फोटोही हल्लीची आवृत्ती बरोबर पकडते.

माझं बिनसलं ते एक्सेलवरून. हल्लीची एक्सेल शीट मुळात झिप असते. पहिली दोन अक्षरं 'पीके', म्हणजे झिपचा जनक फिल कॅट्झ याची आद्याक्षरं. ती शीट आहे की नुसती झिप, हे लिबमॅजिक आतल्या सुरुवातीच्या फायलींच्या नावांवरून ठरवतं. एक्सेलमध्ये सेव्ह केलेली शीट पास व्हायची. हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून निघालेली, आतला क्रम वेगळा असलेली शीट मात्र झिप ठरून परत जायची. माझ्या लॅपटॉपवर लिबमॅजिकची आवृत्ती सर्व्हरपेक्षा नवी, तिथे तीच शीट चालायची. जीएसटी रिटर्नच्या २० तारखेच्या आदल्या संध्याकाळी सीएंच्या ऑफिसातून फोन आला, "अहो, शीट इथे उघडतेय, तुमचंच पान नको म्हणतंय." शेवटी वैतागून झिपला परवानगी दिली. त्या रात्री कुणी ॲण्ड्रॉइडचं ॲप चढवलं असतं तर तेही आत आलं असतं, कारण तीही झिपच.

टिका झिप उघडून आत काय आहे ते बघतं. नावाचाही आधार घेतं, म्हणून सीएसव्ही नुसता मजकूर ठरत नाही. पण त्याच्या कोअर जारवर (मूळ जावा फाइलवर) भागत नाही, पार्सरचं, म्हणजे फायली उघडून वाचणारं, पॅकेज लागतंच. माझा अर्धा दिवस हे कळण्यात गेला. शिवाय जावा आलं. १ जीबी मेमरीच्या व्हीपीएसवर (भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर) टिका सर्व्हर म्हणजे वन रूम किचनमध्ये वऱ्हाड.

तुमच्याकडे फक्त फोटो येणार असतील तर उगाच जावाच्या नादी लागू नका. ऑफिसच्या फायली येणार असतील तर, प्रत्येकाची गरज वेगळी हे मान्य करूनही, मी टिकाच सुचवेन. काहीही घ्या, फाइल परत देताना 'नोस्निफ' हेडर लावा, नाहीतर ब्राउझर स्वतःच्या मनाने प्रकार ठरवू शकतो.

मी व्हीपीएस २ जीबीचा करून घेतला. १९ तारखेला आता फोन येतो तो पासवर्ड विसरल्याचा.